मेसाचं बेट

आमच्या घरामागं न्हाणीचं पाणी जिथं जाऊन मुरतं, त्या कोपऱ्यात काहीच तग धरत नव्हतं. पपई लावली, तिच्या मुळ्या कुजल्या. केळी लावली, तर उन्हाळ्यातल्या वाऱ्यानं पानांच्या चिंध्या झाल्या आणि पुढच्या पावसात ती आडवी झाली. शेवटी तिथं गवत, डास आणि फुटक्या बादल्या एवढंच उरलं. राजुरीच्या शिवारात, गावापासून जरा लांब, आम्ही मळ्यात नवं घर बांधलं तेव्हा पुढच्या अंगणात मी जास्वंद लावली, कढीपत्ता लावला, मोगरा लावला. येणारा-जाणारा छान म्हणायचा. पण स्वयंपाकघराची खिडकी मागच्या बाजूला. घर नवं, ओटा नवा, आणि भाकरी थापताना समोर बघायचं काय, तर चिखल.

माझं माहेर आंबेगाव तालुक्यात, महाळुंगे पडवळला. माझ्या वडिलांना आम्ही आबा म्हणतो. तिथं ओढ्याच्या काठाला त्यांचं मेसाचं बेट आहे. मेस ही बांबूचीच एक जात; बिनकाट्याची, आतून जवळजवळ भरीव, हातात घेतली की वजन जाणवणारी. लहानपणी आमच्याकडं शिडीला, मांडवाला, खळ्याच्या कुडाला काठ्या मागायला गाव यायचं. आबा आलेल्या माणसाला चहा पाजायचे आणि पावसाळा असला की चहा पाजून रिकाम्या हातानं परत लावायचे. "आत्ता कोंब येत्यात. दिवाळीनंतर या, पायजे तेवढ्या न्या," म्हणायचे. मग तो माणूस गावातला असो की तालुक्याचा पुढारी असो.

एका पावसाळ्याच्या तोंडाला मी माहेरी गेले होते. ओढ्यावर उभी होते आणि वारा बेटातून जात होता. मला एकदम आमचा मागचा कोपरा आठवला. मी आबांना म्हटलं, "आबा, मला एक कंद द्या की. न्हाणीमागं लावीन म्हणते."

आबांनी माझ्याकडं जरा निरखून बघितलं. "हौस म्हणून मागतीस का लावणारेस?"

"लावणारे."

"मग आधी जागा दाखीव."

माणसाला मुलगी द्यायची असली तरी इतकी चौकशी होत नसेल. दोन-चार दिवसांनी ते भावाच्या पिकअपमध्ये बसून स्वतः राजुरीला आले. आल्या आल्या पाणीसुद्धा घेतलं नाही, थेट घरामागं गेले. मूठभर माती उचलून दाबून बघितली. न्हाणीचं पाणी कुठून येतं, कुठं साचतं ते बघितलं. मग भिंतीपासून लांब लांब पावलं टाकत गेले आणि बांधाच्या जवळ उभे राहून म्हणाले, "हितं. भितीला खेटून लावलंस तर उद्या घर तुझं ऱ्हायचं न्हाई, त्याचं व्हईल. पाणी चर मारून हितपर्यंत आण. त्याला पाणी पायजे, पण पाय बुडवून बसाया आवडत न्हाई."

पिकअपमध्ये ओल्या गोणपाटात गुंडाळलेला कंद होता, बेटाच्या बाहेरच्या अंगाचा, वर कंबरेएवढी काठी ठेवून छाटलेला. ते आधीच काढून घेऊन आले होते. म्हणजे जागा बघायच्या आधीच त्यांचं ठरलेलं होतं. तेवढ्यावरून मी मनातल्या मनात फार सुखावले.

सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. त्या पडवीत बसून सगळं बघत होत्या. खड्डा खणायला सुरुवात झाली तशा त्या उठून आल्या.

"ह्ये काय चाललंय? बांबू? घरापाशी?"

"व्हय आत्या."

"अगं, तिरडीला लागतं ते. मेल्या माणसाचं लाकूड दारात लावत्यात का कुणी? आन् साप येऊन बसत्याल ते निराळंच."

मी आबांकडं बघितलं. आबांनी पहार बाजूला ठेवली, डोक्याचा पंचा सोडून तोंड पुसलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "विहीणबाई, तुमच्या घरात सूप हाय का?"

"हाय की."

"पाटी?"

"हाय."

"लेकाच्या लग्नाला मांडव व्हता का?"

आत्यांनी मान हलवली. "मग," आबा म्हणाले, "तिरडीचंच तेवढं ध्यानात ठिवून कसं चालंल?"

आत्यांना ते पटलं असं मी म्हणणार नाही. व्याह्यांच्या तोंडाला लागायचं नाही म्हणून त्या आत गेल्या. पण आत जाताना मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "लावा. जगलं तर बघू."

आबांनी कंद खड्ड्यात ठेवला नाही. माझ्या हातात दिला. तो चांगला जड होता आणि त्याच्यावरचे फुगीर डोळे बोटांना लागत होते. "डोळं दोन्ही बाजूला येत्याल असा ठिव. वाकडा चालंल, उलटा नको," ते म्हणाले. मी ठेवला, माती लोटली, पायानं दाबली. आबा नुसते उभे होते.

पहिल्या वर्षी जे उगवलं त्याला बांबू म्हणायची मलाही लाज वाटत होती. गव्हाच्या काडीसारखे बारीक फुटवे. आमचे हे टोमॅटोच्या प्लॉटमधून संध्याकाळी आले की खिडकीतून डोकावून विचारायचे, "काय म्हणतंय जंगल?" आत्या शेजारणींना सांगायच्या, "आमच्या सूनबाईनं माहेरावरनं गवात आणलंय." मीही हसायचे. हसत हसत शेणखत टाकायचे, उन्हाळ्यात पालापाचोळा अंथरायचे, न्हाणीच्या पाण्याचा चर खराट्यानं साफ ठेवायचे. दुसऱ्या पावसाळ्यात फुटवे बोटाएवढे झाले. आबांना फोन केला की ते एकच विचारायचे, "बुडाला माती लावलीस का?"

तिसऱ्या पावसाळ्यात एका सकाळी मी राख टाकायला मागं गेले आणि थांबले. जमिनीतून मनगटाएवढा जाड कोंब वर आला होता. तपकिरी, टोकदार, अंगावर काळी लव, ओल्या मातीला तडा देऊन निघालेला. आदल्या दिवशी तिथं काही नव्हतं, मी शपथेवर सांगते. मी खाली बसले. जरा पलीकडं बघितलं तर दुसरा. बांधाच्या बाजूला तिसरा.

"आत्या!" मी अशी ओरडले की त्यांना वाटलं मला काही चावलं. त्या काठवटीतलं पीठ हाताला तसंच घेऊन धावत आल्या. मी नुसतं बोट दाखवलं. त्या वाकल्या, त्यांनी कोंबाला हात लावला आणि लगेच झटकला, कारण ती लव खाजरी असते. हात लुगड्याला पुसत त्या म्हणाल्या, "आगं बया. ह्यो तर मोठा व्हनार."

मोठा म्हणजे किती, ते आम्हाला पुढच्या महिन्यात कळलं. तो कोंब सकाळी एक आणि संध्याकाळी एक दिसायचा. आत्या रोज सकाळी तोंड धुतल्यावर मागं जाऊन यायच्या. मी विचारलं नाही तरी सांगायच्या, "न्हाणीच्या पत्र्याला लागला," मग "पत्र्याच्या वर गेला." गणपती बसायच्या सुमाराला तो घराच्या स्लॅबपेक्षा उंच झाला होता आणि वरची पानं सोडायला लागला होता. त्या वर्षी दिवाळीला आबा आले. बेटाजवळ गेले, एक काठी मुठीत धरायला गेले, तर मुठीत मावेना. खिशातून मोबाईल काढून भावाच्या हातात दिला आणि काठीला हात लावून ताठ उभे राहिले, फोटो काढून घ्यायला. माझ्या लग्नातल्या फोटोतही आबा इतके ताठ उभे नाहीत.

हळूहळू तो मागचा कोपरा घराचा पुढचा भाग झाला म्हटलं तरी चालेल. उन्हाळ्यातला धुळीचा वारा आधी बेटाला अडायचा. दुपारी सावलीत बाज टाकून आत्या कांदे निवडत बसायला लागल्या. सातभाई पक्ष्यांच्या एका टोळीनं तिथं मुक्काम केला आणि त्यांच्या कलकलाटावर आत्या रोज वैतागायच्या, पण कुणी त्यांना दगड मारला तर त्याच्यावर जास्त वैतागायच्या.

मग एका हिवाळ्यात पहिली तोडणी केली. सगळ्यात जुन्या काठ्या तेवढ्या काढायच्या, पोरसवदा ठेवायच्या, बुडाशी एक पेर राखून कापायचं, हे सगळं आबांनी फोनवर सांगितलं. त्या पहिल्या काठ्यांतली एक बारीक, सरळ काठी मी आत्यांसाठी निवडली. चुलीच्या धगीवर धरून थोडा बाक होता तो काढला, गोडं तेल चोळलं. त्यांचे गुडघे दुखत होते तरी "मला काठी कशाला?" म्हणून त्यांनी ती कोपऱ्यात उभी करून ठेवली.

पुढच्या चतुर्थीला आम्ही लेण्याद्रीला गेलो. गाडीतून उतरल्यावर बघते तर काठी त्यांच्या हातात. गिरिजात्मजाच्या पायऱ्या त्या दर खेपेला दोनदा बसून चढायच्या. त्या दिवशी काठी टेकवत टेकवत चढल्या, आणि वाटेत एका वानरानं काठीकडं हात केला तर तीच त्याच्यावर उगारली. अर्ध्या वाटेवर कठड्यापाशी दम खायला थांबलो, तेव्हा पुण्याकडच्या एका बाईनं विचारलं, "आजी, काठी छान आहे. कुठं घेतली?"

आत्या म्हणाल्या, "घेतली न्हाई. आमच्या सूनबाईनं लावलीय. घरामागं बेट हाय आमचं."

मी एक पायरी खाली पाण्याची बाटली उघडत होते. मी वर बघितलंच नाही, बाटलीचं झाकण फिरवत राहिले. मागच्या खेपेपर्यंत जे गवत होतं ते आता 'आमचं बेट' झालं होतं. देवापुढं उभी राहिले तेव्हा मागायचं काही सुचेना.

आणि त्याच सालात ते बेट जायची वेळ आली.

आमच्या भागात बिबट्या काही नवा नाही. उसात त्याची घरं असतात, पिल्लंही उसातच होतात. ऊसतोड सुरू झाली की त्याला लपायला जागा राहत नाही आणि तो वस्तीच्या कडेनं फिरायला लागतो. त्या हंगामात आमच्या चारी बाजूंचा ऊस एकापाठोपाठ एक तुटला. एका संध्याकाळी, दिवेलागणीच्या वेळेला, शेजारच्या मळ्यातल्या भावजींच्या छपरातून त्यानं शेळी उचलली. भावजी म्हणजे यांचे लांबचे चुलतभाऊ, बांधाला बांध. आरडाओरडा झाला, बॅटऱ्या घेऊन लोक धावले, पण शेळी गेली ती गेलीच. सकाळी ओल्या मातीत पंजाचे ठसे मिळाले. ते भावजींच्या छपरापासून निघाले होते आणि आमच्या न्हाणीच्या चराजवळून, बेटाला वळसा घालून, पुढं मोकळ्या रानात गेले होते.

भावजी चार माणसं घेऊन आमच्या दारात आले. त्यांच्या डोळ्यांत झोप नव्हती. ती शेळी गाभण होती, आणि त्यांची दोन नातवंडं त्याच छपरापाशी खेळतात.

"वहिनी, वाईट मानू नका," ते म्हणाले. "ते बेट तोडा. जनावर तिथं बसूनच टेहळत व्हतं."

"भावजी, ठसे बेटाच्या बाहेरून गेलेत."

"आज भाईरनं गेलं. उद्या आत बसंल. ऊस गेला, आता ह्या टापूत दाट असं तेवढंच ऱ्हायलंय. तुमीच सांगा."

ते खोटं बोलत नव्हते. मी मागं जाऊन बघितलं. मी हौसेनं कौतुक केलेलं ते बेट खालून खरंच गच्च झालं होतं. बाजूच्या फांद्या जमिनीपर्यंत लोंबत होत्या, मध्ये जुन्या वाळक्या काठ्या अडकून बसल्या होत्या, पाचोळ्याचा ढीग झाला होता. आत बिबट्या काय, बैल बसला असता तरी दिसला नसता.

हे म्हणाले, "जेसीबी सांगतो. दुपारपर्यंत मोकळं व्हईल. लेकराबाळांचा प्रश्न हाय, उगा कशाला." त्यांचंही खरं होतं. मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला टेकून उभी राहिले. रडले नाही. पण खिडकीबाहेर बघवेना.

तेवढ्यात वनखात्याचा गार्ड पंचनाम्याला आला. तरुण होता, बोलायला शांत. त्यानं भावजींचं छप्पर बघितलं, ठसे बघितले, मग आमच्या बेटाभोवती एक चक्कर मारली. सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होते.

"तोडायलाच पायजे असं काय न्हाई," तो म्हणाला. "पण खाली बसलेलं जनावर लांबून दिसलं पायजे. आरपार दिसंल असं करता येत असंल तर ठेवा. न्हाईतर मग काढा."

मी पुढं झाले. एवढ्या पुरुषांत मी सहसा बोलत नाही. "मला आठ दिवस द्या," मी म्हटलं. "आठ दिवसांनी तुम्ही सगळे या. आरपार दिसलं नाही तर मी स्वतः जेसीबीला फोन करते."

भावजी यांच्याकडं बघायला लागले. हे माझ्याकडं. मग हे म्हणाले, "द्या की मग आठ दिवस."

लोक गेल्यावर मी आबांना फोन लावला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "हे बघ, कुणाच्या लेकराला धोका असंल तर बेट तोड. त्येच्यासाठी माझं तोंड बघू नको. पन तोडायच्या आधी आतनं उघड. तू आतापर्यंत कडंकडंच्या काठ्या काढल्यास ना?"

"हो. जुन्यातल्या हाताला येतील त्या."

"तिथंच चुकतंय. कोंब भाईरच्या अंगाला येत्यात, म्हातारं मधी अडकून बसत्यात. एका बाजूनं वाट पाड, घोड्याच्या नालेसारखी. आत शीर, आन् मधलं सगळं म्हातारं काढ. मग खालच्या फांद्या डोक्याच्या वरपर्यंत सोल."

दुसऱ्या दिवशी हे पहाटेच टोमॅटोची गाडी घेऊन नारायणगावच्या मार्केटला गेले. ऊन चांगलं वर आल्यावर मी यांचा जुना फुलबाह्यांचा शर्ट अंगात घातला, डोक्याला ओढणी घट्ट बांधली, कोयता आणि करवत घेतली आणि मागं गेले. आत्या माझ्या मागून बाज ओढत आल्या. एका हातात लेण्याद्रीची काठी, दुसऱ्या हातात स्टीलची परात. बेटापासून जरा लांब बाज टाकून बसल्या आणि परात बडवायला लागल्या.

"आत्या, दिवसाउजेडी तो इथं नसतो."

"त्यो नसंल. मला करमाया नको का?"

त्या आवाजाच्या तालावर मी घराच्या बाजूनं वाट पाडायला सुरुवात केली. पहिला दिवस नुसता फांद्या सोलण्यात गेला. मेसाच्या बारीक फांद्या एकमेकींत अशा गुंतलेल्या असतात की एक कापली तर ती खाली पडत नाही, तिच्या शेजारणी तिला धरून ठेवतात. ओढून काढायची. हात खरचटले, गळ्यात पानांची बारीक कुसळं गेली, पाठ आखडली. पण दुपारपर्यंत मी बेटाच्या आत उभी होते. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा आतून ते बघत होते. चारी बाजूंना काठ्या, वर हिरवा उजेड आणि मध्ये जुन्या, करड्या पडलेल्या काठ्या. ज्यांना कधी बोटाएवढ्या म्हणून आम्ही हसलो होतो त्याही तिथंच होत्या, वाळून उभ्या.

हे मार्केटवरून आले तेव्हा अंगणात फांद्यांचा ढीग पडला होता. ते ढिगाकडं बघत राहिले, मग माझ्या हातांकडं. आत गेले, कपडे बदलून आले आणि माझ्या हातातून करवत घेतली. "तू दाखीव कुठली काढायची. मी कापतो," म्हणाले. त्या दिवसापासून रोज दुपारनंतर आम्ही दोघं तिथं होतो. यांच्याबरोबर एवढं काम मी शेतात कितीतरी वेळा केलं होतं, पण ते त्यांच्या सांगण्यावरून. इथं ते मला विचारत होते, "ही?" आणि मी म्हणायचे, "ती नको, ती गेल्या सालची आहे. तिच्या मागची." जुनी कोणती, नवी कोणती हे मला रंगावरून आणि पेरावरच्या डागांवरून लांबूनच कळत होतं. कधी शिकले ते मलाही सांगता यायचं नाही.

सगळा पाचोळा ओढून आम्ही बेटापासून लांब खतखड्ड्यात टाकला. मध्यावर मातीची भर घातली. भिंतीला दिवा लावला.

आठ दिवसांनी भावजी आले, ती चार माणसं आली, आणखी बघे आले. गार्डही आला. बेट तेवढंच उंच होतं, वर तेवढंच दाट, पण खालून माणसाच्या डोक्याच्या वरपर्यंत नुसत्या स्वच्छ काठ्या आणि त्यांच्यामधून पलीकडचं रान.

भावजींनी उभ्यानं बघितलं आणि त्यांचं समाधान झालं नाही. ते बांधाच्या पलीकडं गेले आणि बिबट्या जेवढा उंच असतो तेवढे खाली होऊन, हात जमिनीला टेकवून बघायला लागले. कुणी हसलं नाही.

"दिसतंय का?" ह्यांनी विचारलं.

"दिसतंय," भावजी तिकडून म्हणाले. "अंगण दिसतंय. म्हाताऱ्या आत्या दिसत्यात." मग जरा थांबून, "वहिनी, तुमच्या ओट्यावरचा मिक्सरबी दिसतोय."

तेव्हा सगळे हसले. भावजी गुडघे झटकत आले आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या."

एवढ्यावर थांबलं असतं तरी मला पुष्कळ होतं. पण ते माघारी निघाले तेव्हा माझं लक्ष त्यांच्या छपराकडं गेलं. तीन बाजूंना पत्रा, चौथ्या बाजूला बाभळीच्या काट्यांचं कुंपण, त्याच्या वर सगळं मोकळं. उरलेल्या शेळ्या त्यातच. आणि आमच्या अंगणात ढीगभर पिकलेल्या, भरीव काठ्या पडलेल्या.

"भावजी," मी हाक मारली. "ह्या काठ्या घेऊन जा. शेळ्यांना पिंजरा करा. बाहेरून त्याचा पंजा आत जाणार नाही एवढ्या जवळजवळ रोवा."

त्यांना ते एकदम उमगलं नाही. ज्या बेटाला तोडायला ते आले होते त्याच्याच काठ्या. "वहिनी, तुमाला लागतील की टोमॅटोला," ते म्हणाले.

"टोमॅटोला पुढच्या साली होतील. ते थांबत नसतं."

हे आणि भावजी दोघांनी मिळून ते काम केलं. हातभर खोल चर खणून काठ्या शेजारी शेजारी उभ्या केल्या, आडव्या काठ्या तारेनं आवळल्या, वरून काठ्यांची चौकट करून जाळी ताणली. दाराला कडी. भावजींच्या नातीनं आत जाऊन, दार लावून घेऊन, शेळ्यांबरोबर उभं राहून सगळ्यांना दाखवलं.

काही दिवस गेले. मग एका सकाळी भावजी बांधावरून हाका मारायला लागले, "वहिनी! वहिनी, हिकडं या!" मी हातातलं टाकून धावले. माझ्या मनात नाही नाही ते आलं. पण ते पिंजऱ्यापाशी उभे होते आणि आत सगळ्या शेळ्या होत्या, जरा बावरलेल्या, एकमेकींना चिकटून. भावजींनी एका काठीवर बोट ठेवलं. तिच्यावर वरपासून खालपर्यंत नखांचे ओरखडे होते. शेजारच्या काठीवरही. खाली माती उकरलेली. तो आला होता, त्यानं सगळ्या बाजूंनी फिरून बघितलं होतं, ओरबाडलं होतं, आणि गेला होता.

भावजींनी त्या ओरखड्यांवरून हात फिरवला. "सालपट निघालं नुसतं," ते म्हणाले. "काठी न्हाई हलली, वहिनी. एकबी न्हाई."

मी पण हात फिरवला. माझ्या न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेली ती काठी होती. घरी येऊन मी आधी आबांना फोन केला. आबांनी ऐकून घेतलं आणि नेहमीचं काही विचारलं नाही. म्हणाले, "माझ्या बेटानं एवढं कधी केलं न्हाई गं."

त्यानंतर लोक पिंजरा बघायला यायला लागले आणि तिथून आमचं बेट बघायला. गार्डानं फोटो काढून नेले. पुढं उन्हाळ्याच्या सुरुवातीला तोच गार्ड घरी आला आणि म्हणाला, "ताई, पलीकडच्या वाडीवर बायकांची बैठक हाय, बिबट्यापासून शेळ्या कशा सांभाळायच्या त्याची. तुमी येऊन सांगाल का?"

"मी? मला काय बोलता येतंय?"

"जे केलं तेवढंच सांगा."

मी नाहीच म्हणणार होते. पण आतून आत्यांचा आवाज आला, "येईल की! कधी हाय?"

वाडीच्या देवळापुढं मांडव टाकला होता. पन्नासभर बायका, थोडे पुरुष कडेला. माझ्या हातात माईक दिला, आणि पहिल्यांदा बोलले तर माझाच आवाज मला परका वाटला. मी कंद कसा लावायचा ते सांगितलं. भिंतीपासून लांब का, ते सांगितलं. घराजवळ बेट ठेवायचं तर दर हिवाळ्याला खालून साफ ठेवायचं, आळस करायचा असेल तर लावूच नका, हेही सांगितलं. पिंजऱ्याच्या काठ्या किती जवळ रोवायच्या ते हातानं दाखवलं. बायका ऐकत होत्या. एक-दोघी मोबाईलवर घेत होत्या. मला हळूहळू बळ आलं आणि मी जरा घाईत पुढं जायला लागले.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आत्या उभ्या राहिल्या. सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आगं, ते घोड्याच्या नालेचं सांगितलंच न्हाईस!"

बायका हसायला लागल्या. मी माईक खाली घेतला. आत्या काही बसल्या नाहीत. त्या बायकांकडं वळल्या, काठीनं मातीत घोड्याची नाल काढली आणि स्वतःच सांगायला लागल्या, "हे बघा, म्हातारं असतंय मधी. कवळं असतंय भाईर. घराच्या अंगानं आत शिरायचं, आसं..." मागच्या बायका उठून पुढं आल्या आणि त्यांच्याभोवती गोळा झाल्या. कुणीतरी विचारलं, "आजी, तुमच्याच मळ्यातलं का बेट?"

"आमच्याच," आत्या म्हणाल्या. "या की बघायला. पन पावसाळ्यात काठी मागू नका, मिळायची न्हाई."